शोकवार्तेतला नाच

"सहा पावलं ऐकली की मी माणसाचं वजन सांगतो, आठ पावलांत त्याचा धंदा, आणि दहाव्या पावलाला माणूस आपणहून कबूल होतो." एफो डोत्से स्वतःबद्दल असं नम्रपणे सांगत असे. नम्रपणे म्हणजे दिवसातून चार-पाच वेळाच. नुन्या रेडिओवर त्याचं काम नाटकांना आवाज पुरवण्याचं: दाराची करकर, पाऊस, रागावलेली सासू. हेरकथांच्या मालिकेत गेली अकरा वर्षं चोरांची पावलंही तोच वाजवी आणि पोलिसांचीही. त्यामुळे गुन्ह्याच्या दोन्ही बाजू आपल्याला तळपायापासून ठाऊक आहेत, अशी त्याची खात्री होती.

म्हणूनच त्या गुरुवारी सकाळी दावी आकपेने ही निवेदिका त्याच्याकडे गेली. खरं तर ती पावलं वाजवायच्या वाळूच्या पेटीवर बसून रडायला गेली होती. पेटी डोत्सेच्या खोलीत होती, एवढंच.

आकपेने चौदा वर्षं दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बाराची शोकवार्ता वाचत होती. तिच्या तोंडून नाव आल्याशिवाय माणूस गेला असं आगोमेकोपे गावात कुणी धरत नसे. गेल्या महिन्यात स्टेशनचे साहेब क्पोडो राजधानीत शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, "मोठ्या माणसासाठी एक मिनिट शांतता पाळायची. पुढारलेली स्टेशनं असंच करतात." पहिला मोठा माणूस लवकरच मिळाला. गावचे मुखिया तोग्बी होतोर वारले. सोमवारी आकपेनेने शांतता जाहीर केली, मान खाली घातली, आणि विसेक सेकंदांत रेडिओवर तुताऱ्या-ढोलांची नाचाची धून दणाणली! ती घाबरून "माफ करा, माफ करा" म्हणाली तशी धून थांबली. बुधवारी पुन्हा तेच.

"उद्या शुक्रवार. अंत्यविधीच्या आधीची शेवटची शोकवार्ता," क्पोडोसाहेब त्या सकाळीच म्हणाले होते. "उद्याही धून वाजली, तर सोमवारपासून तुमच्या जागी दुसरं कुणी बसेल."

डोत्सेने सगळं डोळे मिटून ऐकलं. "माफी मागताच थांबली म्हणतेस?"

"हो, एफो."

"म्हणजे गुन्हेगार चांगल्या घरचा आहे. पुढे बोल."

"पुढे काही नाही. माझी नोकरी जाणार."

"ती बारीकसारीक बाब नंतर पाहू."

त्याने आधी स्टुडिओचं दार अकरा वेळा उघडलं आणि बिजागरीला कान लावून जाहीर केलं, की दार डाव्या हाताने ओढलेलं आहे. मग डावखुरा शोधायला तो जो भेटेल त्याच्यापुढे डावा हात करू लागला. डावा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याच्या बापाचा उद्धार करणं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तर त्याला तासभर आत घेतलं नाही.

"संशयास्पदरीत्या चिडला," डोत्से परतल्यावर म्हणाला.

"एफो, मीसुद्धा चिडले असते."

"मग तुझंही नाव लिहून ठेवतो."

दुसरा तर्क शत्रूपक्षाच्या हेराचा. नदीपलीकडच्या स्टेशनचा माणूस रात्री आत शिरत असणार, आणि आपल्या फुटबॉलच्या निवेदकाचाच त्याला आतून आधार असणार, कारण बोलताना तो श्वास घेत नाही, "आणि श्वास न घेणाऱ्याचा भरवसा काय?" पाऊलखुणा उमटाव्यात म्हणून डोत्सेने स्टुडिओभर गारीचं, म्हणजे कसावा कंदाचं, पीठ पसरलं. खुणा भरपूर मिळाल्या. तीन कोंबड्यांच्या आणि एका बकरीच्या.

"बकरीची पावलं खोल आहेत," डोत्से गुडघ्यांवर बसून म्हणाला. "ओझं वाहत होती."

"पोट वाहत होती. पीठ खाल्लंय तिने. एफो, दुपार झाली!"

"मग एकच शक्यता उरते." त्याने आवाज खाली नेला. "तोग्बी स्वतः."

"मेलेला माणूस?"

"त्याचा ठावठिकाणा सर्वांना माहीत, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय नाही! चलाख आहे."

आकपेने उठून सरळ फाटकाबाहेर गेली. तिथे मामा आब्ला केनके विकत बसे; तिकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात. मक्याचे ते गरम गोळे, वर तळलेली मासळी, आणि कानाशी सकाळपासून रेडिओ.

"खा, पोरी. त्या गाण्याचा कशाला घोर लावून घेतेस? तुमचा रेडिओ गप्प झाला की ते येतंच."

"येतंच म्हणजे?"

"मागच्या आठवड्यात बातम्यावाल्याच्या घशात माझ्या मासळीचा काटा अडकला. तो गप्प झाला, गाणं लागलं. गाणं ऐकून मीच नाही का आत पाणी पाठवलं?"

आकपेनेच्या हातातला केनके हातातच राहिला. तिने टेकडीवर ट्रान्समीटरपाशी बसणाऱ्या एडेमला फोन लावला.

"ते होय, दावी? नवं यंत्र आहे ते!" एडेम अभिमानाने म्हणाला. "स्टेशन वीस सेकंद मुकं झालं की आपोआप धून सोडतं, आवाज आला की बंद. माझ्या लग्नाच्या कॅसेटवरची धून घातलीय. या आठवड्यात दोनदा तुमची लाज राखली बघा. नोंदवहीत लिहिलंय मी."

"यंत्र बसवायला कुणी सांगितलं?"

"क्पोडोसाहेबांनी. शिबिरातून शिकून आले ना, की रेडिओ कधी गप्प राहता कामा नये."

हे ऐकवायला आकपेने आणि डोत्से साहेबांच्या खोलीत पोचले, तर तिथे तोग्बींची थोरली बहीण काठी टेकून बसलेली. नव्वदीची म्हातारी, सोबत भावकीतले चौघे. क्पोडोसाहेबांना घाम फुटला होता.

"ती गाण्यात बडबड करणारी तूच का?" म्हातारीने विचारलं.

"मामा, माफ करा, ते गाणं—"

"ते गाणंच तर पाहिजे! दोन्ही वेळा आम्ही अंगणात फेर धरला, आणि दोन्ही वेळा तू मध्येच माफी मागत सुटलीस. माझा भाऊ सत्त्याऐंशी वर्षं जगला. त्याला काय मुक्याने पोचवायचं?" मग काठी साहेबांकडे वळली. "आणि हिला काढायचं नाही. माझं नाव पण हीच वाचणार आहे."

"मी तेच म्हणत होतो," क्पोडोसाहेब म्हणाले.

शुक्रवारी बाराला आकपेनेने तोग्बींचं नाव सावकाश, पूर्ण वाचलं आणि ओठ मिटले. विसाव्या सेकंदाला टेकडीवरून धून सुटली. बाहेर फाटकाशी मामा आब्ला उठली, पहारेकरी उठला, साहेबांचा एक पाय आपोआप हलला. आत मात्र चूं करायची सोय नव्हती. एक शिंक आली असती तरी गाणं तुटलं असतं. आकपेनेने चपला काढल्या आणि ती माइकसमोर मांजरपावलांनी नाचू लागली.

शेजारी एफो डोत्से उभा होता. पुराव्यांसहित खुलासा त्याच्या घशाशी आला होता. त्याने तोंड उघडलं. आकपेनेने डोळे वटारले. तोंड मिटलं. मग त्यानेही जोडे काढले, आणि सव्वाचार मिनिटं तो नाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याची पावलं रेडिओवर कुणाला ऐकू गेली नाहीत.