आत्याच्या नावे

ऑनलाइन सवलत हवी असेल तर स्वतःचा ई-मेल पत्ता द्यायचा नाही, आत्याचा द्यायचा, असे आमच्या कुटुंबाचे गोपनीयता धोरण होते. दादाने ते जेवताना मांडले आणि आत्या पाणी आणायला आत गेली असल्याने एकमताने मंजूर झाले.

धोरण फळले. दादाला बुटांवर सूट मिळाली, वहिनीला केसांच्या तेलाची बाटली फुकट. जन्मतारीख विचारली की तीही आत्याचीच. ती आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. आमचे इनबॉक्स घासलेल्या भांड्यांसारखे लख्ख राहिले. आत्याच्या इनबॉक्सात मात्र टकलावरची औषधे, पैलवानांची पावडर आणि बाळाची दुपटी येऊन पडू लागली. बाजाराच्या दप्तरी आमची अविवाहित, निवृत्त आत्या एकाच वेळी टकली, पैलवान आणि गरोदर होती.

मी विज्ञानाचा पदवीधर. कचरा उगमापाशीच अडवावा, एवढे मला कळते. एका दुपारी आत्या झोपली असताना मी तिच्या फोनवरून सगळ्या दुकानांचे मेल कायमचे बंद केले. तिला विचारले नाही. विचारण्याची प्रथा आमच्या धोरणात नव्हतीच.

पुढच्याच आठवड्यात आत्या सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलेली दिसली.

"अरे, फोन बिघडलाय का बघ माझा."

"चांगला चालतोय की."

"मग बूटवाले कसे विसरले? दरवर्षी पहिल्या शुभेच्छा त्यांच्याच. तेलवालेही गप्प. माझं काही चुकलं का रे?"

"ते मशीन पाठवतं गं, आत्या. त्यामागे माणूस नसतो."

"नसू दे. आठवणीनं पाठवतं तर."

शेजारी जेवत असलेल्या दादाने मान वर केली. "म्हणजे आज वाढदिवस आहे तुझा?"

आत्या फोन घेऊन आत गेली. तातडीची बैठक बसली. वहिनीने मोफत शुभेच्छापत्रांची एक साइट शोधली. उडणारी फुलपाखरे निवडली, "तुझ्याशिवाय घराला घरपण नाही" हा तयार मजकूर निवडला. आत्याचा पत्ता टाकला. शेवटी साइटने पाठवणाऱ्याचा ई-मेल मागितला.

दादाने माझ्याकडे पाहिले. मी वहिनीकडे. वहिनीने छताकडे.

धोरण म्हणजे धोरण.

मिनिटभरात आतून हाक आली. आवाजात हुरूप होता.

"अरे, आलं बरं का एक! कुणी पाठवलंय बघ जरा. पत्ता ओळखीचा वाटतोय."