किला गेटचा समुद्रकिनारा

मोहितेकाकांना काहीही विचारा, एकच उत्तर, "पहले गावाला विचारा!" चहात साखर किती? गावाला विचारा. पंखा लावू का? गावाला विचारा. आणि हे गाव म्हणजे आपलं ग्वाल्हेर नव्हे हं. ते कोकणातलं, समुद्रावरचं, काकूंचं माहेर. काका तिथे एकदाच गेले, लग्नाला. परतीची गाडी होती, म्हणून समुद्र बघायचा राहिला.

ग्वाल्हेरच्या किला गेट मोहल्ल्यात काकांचं आणि माझं छत एकमेकांना चिकटून आहे. काका जन्मभर नळखात्यात होते. रिटायर झाले, आणि तिकडे गावानं ठरवलं की बाहेरचा कोणी येऊन हॉटेल बांधण्याआधी पर्यटनाचं आपणच ठरवू: पाहुणे कुणाकडे उतरतील, होडी कुणाची, कासवं अंडी घालतात ती वाळू कशी राखायची. फोनवर ग्रुप निघाला. काकूंच्या भाच्यानं काकांना त्यात घेतलं. बस, काका गेले कामातून.

मी कूलर दुरुस्त करतो. चौथीपर्यंत शिकलोय, चौथी धरायची की नाही यावर घरात वाद आहे. काकांनी मला पर्यटक नेमलं. "तुझ्यासारखा गधा जाऊन नीट परत आला, तर कोणीही येईल."

रोज संध्याकाळी छतावर तालीम. दोन घमेली वाळू, समोर माझा कूलर, म्हणजे समुद्राचा वारा. मी शेंगा खाऊन टरफलं टाकली.

"अबे, तिथे कासवाची अंडी आहेत!"

मी घाबरून उडी मारली ती थेट कूलरच्या टाकीत. काकांनी लिहून घेतलं, 'पर्यटक बुडू शकतो.'

पण खरं सांगू? ऊन उतरलं की वर किल्ला जांभळा होत जायचा, नांगर टाकलेल्या जहाजासारखा. कूलरच्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास यायचा. मला चक्क लाटा ऐकू यायच्या. मग कळलं, पंप मीच उलटा बसवलाय.

काकू कठड्यापाशी तांदूळ निवडत बसायच्या.

ग्रुपवर काकांचा एकच हट्ट होता: पाहुणे घेणाऱ्या दर घरानं एक खोली भाड्यानं द्यायची नाही. ती लांब दिलेल्या लेकींची. गाव म्हणे, सीझनला खोली रिकामी कोण ठेवणार? शेवटी रविवारी ग्रामसभा बसली. काका फोनवर, टोपी घालून, उभे.

तिकडून कोणीतरी विचारलं, "आपण कोण?"

"मी जावई."

मग एक म्हातारा आवाज आला, "लेकी आल्या नाहीत तर पाहुणे भरून काय करायचंय? ठेवा रे खोली."

झालं, पास! मी टाळ्या पिटल्या. काकूंनी मान वर केली नाही.

"सगळ्या गावाला विचारलंत. मला विचारलंत?"

काकांनी टोपी काढली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पहिली दहा वर्षं ही विचारायची, कधी जायचं? मी म्हणायचो, इस साल नहीं, पुढच्या साली. मग हिनं विचारणंच सोडलं. आता मी कुठल्या तोंडानं विचारू? तू पूछ ना."

मी पुढे झालो. "काकू, जायचं का?"

"तू गप. तू पर्यटक आहेस."

काका जाऊन ताटासमोर बसले. दोन खडे काढले. तिसरा तांदूळच होता, तोही काढला.

"मला समुद्र दाखवशील?"

काकू निवडतच राहिल्या. दोघांना बोलता यावं म्हणून मी कूलर बंद करायला उठलो.

"राहू दे रे," काकू म्हणाल्या. "आमच्या मागच्या दारी अस्साच आवाज येतो."

मग त्यांनी ताट काकांकडे सरकवलं.

"आणि नव्या चपला घेऊ नका. वाळूत अनवाणी चालायचं असतं."