गेला नाही, घालवला

आमच्या इमारतीत कोणी नवा फोन घेतला की तेंडोलकर काका अभिनंदन करत नाहीत. समाचाराला येतात. चेहरा पडलेला, आवाज खाली. "जुना कधी गेला? किती वर्षांचा होता? शेवटी शेवटी चार्ज घेत होता ना?" समोरचा पेढ्यांचा पुडा धरून अवघडून उभा. मग काका एक पेढा उचलतात आणि जिना उतरता उतरता सांगतात, "गेला नाही रे. घालवला."

कोणी घालवला, हे विचारायचं नसतं. अर्धा तास जातो. काकांच्या मते फोन आपण होऊन कधीच मरत नाही. दहा वर्षं जगायची त्याची तयारी असते. पण कुठेतरी कंपनीचा माणूस यादी घेऊन बसलेला असतो. तिसरं वर्ष सरलं की तो अपडेट पाठवतो. "अपडेट म्हणजे सुपारी," काका म्हणतात. "वरून औषध दिसतं. घेतलं की आठवड्यात गडी आडवा."

मुलुंड पूर्वेला आमची बत्तीस घरांची सोसायटी, मी तिचा सेक्रेटरी. काका तिसऱ्या मजल्यावर थोरल्या बहिणीबरोबर राहतात. दोघांनीही लग्न केलं नाही. बहिणीला सगळे माई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी माईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत असतात, आणि काका दूध-भाजी-बँकेपुरते बाहेर.

काकांचा फोन सात वर्षांचा. कोपऱ्याला चिकटपट्टी, पोटाला रबरबँड. उन्हाळ्यात त्याची जागा माठाशेजारी. ऐंशी टक्के झाले की चार्जर उपटायचा, कारण "गळ्यापर्यंत जेवलं की माणूससुद्धा लवकर जातो." बँकेचं ॲप त्यावर चालेना, तर काका पुन्हा बँकेच्या रांगेत उभे राहू लागले. गेटवर आलेल्याला मोबाइलवरूनच आत सोडायचं ॲप मी सोसायटीत आणलं. एकतीस घरांनी घेतलं. काकांच्या फोनवर ते उतरेचना. समजवायला गेलो तर दार अर्धं उघडून म्हणाले, "माझ्याकडे कोण येतं ते तुझ्या ॲपला कशाला कळायला हवं?"

संशयाची लागण होते. मीही काकांवर संशय घ्यायला लागलो. फोन कुणाच्या हाती देत नाहीत, दार पूर्ण उघडत नाहीत. त्यात जिन्यातून जाताना त्यांचा चढलेला आवाज कानावर यायचा. "मी मुद्दाम करतंय काय? होय, तूच काय ती शाणी!" समोरून चकार शब्द नाही. जिला वाचाच नाही त्या म्हातारीवर हा माणूस खेकसतो, असं मी बायकोला सांगितलं. खरं सांगायचं तर आणखी दोघांनाही सांगितलं.

एका सकाळी काका स्वतः माझ्या दारात आले. फोनची पाठ फुगली होती, रबरबँड तुटायच्या बेतात.

"बॅटरी बदलून आण. माईला एवढा वेळ सोडून मला जाता येत नाही. फक्त बॅटरी, प्रशांत. समोर बसून राहा, नजर हलवू नकोस. हे लोक बोलता बोलता काम करतात."

स्टेशनजवळच्या दुकानदाराने फोनकडे पाहिलं आणि पेनाने लांब सरकवला. ही बॅटरी आता येत नाही, म्हणाला. हा देऊन टाका, नवा घ्या, नंबर-फोटो सगळं तासाभरात घालून देतो. घर पाच मिनिटांवर होतं. जाऊन विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. फुगलेली बॅटरी घरात ठेवणं धोक्याचं, हे कारण खरं होतं. पण माझ्या डोक्यात बत्तिसावं घर होतं, हे त्याहून खरं.

काकांनी नवा फोन उलटासुलटा करून पाहिला. "जुना?"

"गेला," मी म्हणालो. "दुकानात, अगदी हातातल्या हातात बंद पडला. काहीच करता आलं नाही."

मला वाटलं, आता चौकशी होणार. काकांनी काहीच न विचारता दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांच्या नंबरावरून मेसेज आला: 'जिल्हा मका पेज नको'. ग्रुपला जाग आली. कुठला जिल्हा, काका? मक्याची पेज आमच्याकडे पाठवा. मीही एक हसरा चेहरा टाकला. तेवढ्यात दुसरा आला: 'जिल्हा मका भूक नाय'. तेव्हा मात्र मी वर गेलो.

दार सताड उघडं होतं. आत माई उशीला टेकून डाव्या हाताच्या एका बोटाने फोनवर टकटक करत होत्या. शेजारी काका, पेजेची वाटी घेऊन. पाठवायचं माईंच्या मनात नव्हतं, नव्या फोनवर बोट भलतीकडे पडत होतं.

काकांनी मला सगळं सांगितलं. माई इंग्रजी अक्षरं दाबायच्या, मराठी उमटायचं. दोन वर्षांत जुन्या फोनला त्यांची मालवणी पाठ झाली होती. एक अक्षर दाबलं की पुढचं तोच पुढे करायचा. "हा शहरी आहे," काका म्हणाले. "माका लिहिलं की मका करतो. झिला लिहिलं की जिल्हा."

माका म्हणजे मला, झिला म्हणजे पोरा. काका आठ वर्षांचे असताना आई गेली, तेव्हापासूनची माईंची ती हाक.

म्हणजे जिन्यात ऐकू यायचं ते भांडण दोघांचं होतं. माई फोनवर लिहायच्या, काका तोंडाने उलट बोलायचे. मी अर्धंच ऐकलं होतं आणि अख्ख्या इमारतीला पुरवलं होतं.

मी दुकानात धावलो. जुन्या फोनमधलं सगळं पुसून झालं होतं. परत येऊन काकांना खरं सांगितलं, की तो बंद पडला नव्हता, मीच देऊन टाकला.

"कळलं होतं," काका म्हणाले. "ज्याच्या हातात खरंच जातो, तो एवढं भराभर सांगत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू पुन्हा वर आला नसतास. आमच्याकडे येतं कोण?"

त्यांच्या मांडीवर वही होती. माई काय काय म्हणते ते आठवून आठवून त्यांनी पानभर लिहिलं होतं. एकेक शब्द ते फोनवर पुन्हा पुन्हा टाइप करत होते. कोणीतरी सांगितलं होतं, दहा वेळा लिहिलं की शिकतो. मी वही घेऊन वाचायला बसलो. माका. खंय. जेवलंस. मेल्या. मेल्या म्हटल्यावर माईंचा ओठ एका बाजूने वर गेला.

पुढचा शब्द वाचला, झिला. काकांचा अंगठा थांबला.

"हा मी कसा लिहू? हा तिचा."

त्यांनी फोन माईंच्या हातात दिला. माईंनी लिहिलं, जिल्हा आलं. पुसलं. पुन्हा जिल्हा. चार वेळा पुसलं. पाचव्या वेळी बोट उचललं तेव्हा शब्द तसाच राहिला. माईंनी फोन काकांकडे वळवला.

काका पलंगाला गुडघा लावून बसले होते. पण कोणी परसातून हाक मारावी आणि आपण पार कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे असावं, तसे मोठ्याने म्हणाले, "इलंय गो माई, इलंय."