नरेंद्रचा पैलतीराचा अर्ज

जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत राहणाऱ्या नरेंद्रने ग्रीन कार्डाची आशा रीतसर सोडली आणि प्राचीन इजिप्तच्या परलोकात कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्ज केला. निर्णय विचारपूर्वक होता. तिथे अर्जदार कुठल्या देशात जन्मला हे कोणी विचारत नाही. मेल्यावर त्याचं हृदय तराजूत टाकतात, दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. हृदय जड भरलं तर मगरीच्या तोंडाची एक बाई ते खाऊन टाकते. नाही भरलं, तर हिरव्यागार शेतांत प्रवेश, तोही कायमचा. रांग तिथेही आहे, पण ती सरकते.

अर्जाचं काम पाहणाऱ्या संस्थेची अट एकच. बेचाळीस न्यायाधीशांपुढे 'मी अमुक पाप केलं नाही' अशी जी बेचाळीस वाक्यं म्हणायची, ती आधी जोडीदारापुढे म्हणून सही घ्यायची. सही नाही मिळाली तर अर्ज बाद, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. शेपूट म्हटलं की नरेंद्रला घाम फुटतो.

शनिवारी दुपारी त्याची बायको सुहासिनी लसूण सोलत बसली आणि त्याने सुरुवात केली.

"मी देवाच्या नैवेद्यातलं काही खाल्लं नाही."

"आरतीच्या आधी मोदक कुणी उडवले?"

"ते टेस्टिंग होतं गं. बरं, मी कधी माप मारलं नाही."

"सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा, त्या अख्ख्या पॉटलकला वाटीभर कोशिंबीर नेलीस. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मी आवाज चढवला नाही."

"तुझा सोमवारचा कॉल हडसन नदीपलीकडे ऐकू जातो, यार!"

नरेंद्रने कावून संस्थेच्या आश्लेषाबाईंना स्पीकरवर घेतलं.

"पॅनिक होऊ नका, सर," बाई म्हणाल्या. "हृदयाने तुमच्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून एक मंत्र असतो. पॅकेजमध्ये इन्क्लूड आहे."

"हृदय बसेल गप्प," सुहासिनी म्हणाली. "मी नाही बसणार. आणि त्या शेतांत राबणार कोण? हा इथे भांडी घासायची वेळ आली की कॉलवर असतो."

"त्यासाठी बाहुल्या देतो ना, मॅडम. देवाने काम सांगितलं की त्या उठून 'मी करते' म्हणतात."

"बाबा, डू दे नीड व्हिसाज?" त्यांच्या लेकीने, अनिकाने विचारलं.

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "टेक्निकली, हो. सरांना त्यांना स्पॉन्सर करावं लागेल."

"मग थांबतील रांगेत," नरेंद्र ताबडतोब म्हणाला. "आम्ही नाही थांबलो?"

हा साहेबी तोरा ऐकून सुहासिनीने सहीचं पेन खाली आपटलं. मग मात्र नरेंद्रचा धीर सुटला. "सुहास, कर ना सही. इथले विचारतात परत कधी जाणार, भारतातले विचारतात परत कधी जाणार. एका ठिकाणी तरी मला कायमचं राहू दे गं."

आमचेही डोळे भरून आले.

"बरं," ती म्हणाली. "शेवटचं वाक्य तरी खरं बोल, करते सही."

"मी दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकलं नाही."

"हे शंभर टक्के खरं. तू समोर बसूनही कुणाचं ऐकत नाहीस." आणि तिने सही ठोकली.

आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही "शाब्बास, नरेंद्र!" असं ओरडलो.

भिंतीपलीकडे एकदम सामसूम झाली.

"देवदत्तकाका?" अनिकाचा आवाज आला.

"काका," सुहासिनी शांतपणे म्हणाली, "तुमचा अर्ज बाद."

भिंतीला लावलेला स्टीलचा पेला आम्ही हळूच खाली ठेवला. पहिल्यांदा फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं की नवरा-बायकोचं हे खासगी बोलणं मघापासून आमच्याबरोबर तुम्हीही कान देऊन ऐकताय. मगरीच्या तोंडाच्या बाईंना आम्ही दोन हृदयांची पानं मांडायला सांगितली आहेत.