दोरीवरचा वटवट्या

संभाजीनगरात गुप्तहेर बरेच असतील, पण ज्याला बघून गुन्हेगार चहा अर्धवट टाकून उठतात असा मी, श्रीरंग, एकटाच. बायको उमा माझी साहाय्यक. हे तिला अजून मान्य नाही.

भाद्रपदात नाथसागराच्या काठी पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं शिबिर होतं. आमची भाची चारुता त्याची प्रमुख. जाळ्यात सापडलेला पक्षी कापडी पिशवीत घालून सावलीतल्या दोरीला टांगायचा, मग नंबराची कडी घालून सोडायचा, अशी पद्धत. दोरीची राखण अर्थातच माझ्याकडे.

तरी त्यातला वटवट्या पक्षी गायब झाला. मूठभर जीव, पण हिमालयापलीकडून आलेला. जास्त वेळ पिशवीत राहिला तर दगावेल, म्हणून चारुता रडवेली झाली.

"मामा, वटवट्या कुठंय?"

"हा काय उभाय," उमा माझ्याकडे बघत म्हणाली.

दोरीवर एकच पिशवी होती, तीही ठिबकणारी. उघडली तर आत पांढरा गोळा.

"पक्षी वितळला," मी जाहीर केलं. "ऊन."

"सावलीत?" उमानं विचारलं.

"मग विषप्रयोग." मी बोट बुडवून चाटलं. "आंबट. ॲसिड आहे. धागेदोरे थेट वाळूजच्या कारखान्यांपर्यंत जातात."

तेवढ्यात स्वयंपाकाच्या तंबूतून मनकर्णाबाईंची हाक आली. "अवो, ह्यो चक्का फडफडायलाय."

आम्ही धावलो. बाईंनी पिशवी हातभर लांब धरली होती. शेजारी साखर, वेलची तयार.

"श्रीखंडासाठी दही बांधून त्याच दोरीला टांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मघाशी सायबाला म्हनलं, माझी पिशवी द्या. त्यांनी ही दिली."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आरोपी सापडला," उमा म्हणाली.

चारुतानं अलगद पिशवीची गाठ सोडली. वटवट्या जिवंत होता आणि भयंकर चिडलेला होता. तिचा चेहरा असा उजळला की मलाही हायसं वाटलं. कडी घालून तिनं तो माझ्या हातात दिला. "तुम्हीच सोडा, मामा. मूठ आवळू नका."

त्याचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. मी मूठ उघडली. तो पाणगवतावर बसला, मला दोन शब्द सुनावले आणि गेला.

एवढ्या कारकिर्दीत माझ्या मुठीत सापडलेला तो एकमेव. आणि मी त्याला हसत हसत सोडून दिलं.