वाढणारे गोविंदकाका

चिखलीत गोविंदकाकांनी वाढलं नाही अशी पंगत झाली नसेल, आणि गोविंदकाकांना जेवताना पाहिलेला माणूसही चिखलीत सापडला नसता.

ते आमचे शेजारी. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. काका माझ्या वडिलांबरोबर तहसील कचेरीत कारकून होते. एकटेच राहत. लग्न असो, बारसं असो, धोतर खोचून वरणाची बादली घेऊन हजर. नको म्हणणाऱ्यावर मनापासून रागवायचे. "काऊन नको? पोट काय घरी ठेवून आला का बे?" पण 'आता तुम्ही बसा' म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माह्यं झालं." कुठे झालं, कधी झालं, हे विचारायची सोय नव्हती.

गावाने आपापले तर्क लढवले होते. कुणी म्हणे कडक सोवळं, कुणी म्हणे नवस. कापसाचे व्यापारी करीमचाचा म्हणत, "गोविंदराव खाते नहीं, सिर्फ सूंघते हैं." काका हसत, तेही तोंडावर उपरणं धरून.

मी चौदा वर्षांची झाले आणि माझा जबडा बिघडला. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनात. चावताना कानापुढे कट्‌कन वाजे. एकदा वर्गात जांभई दिली, तर तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते हळूच मिटवलं. म्हणाले, वाढीच्या वयात असं होतं. दातांची ठेवण वाकडी आहे, त्याचा ताण सांध्यावर येतो. मऊ खा, मोठा आ करू नको. मी ते पाळलं. पण दाराच्या कडीसारखं वाजतं म्हणून वर्गातल्या मुलींनी माझं नाव 'कडी' ठेवलं, त्यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं. मी चारचौघांत जेवणं सोडलं. मग घरातही टाळू लागले. माझी पोलकी ढिली झाली आणि आई रडकुंडीला आली.

मार्गशीर्षात आमच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण होतं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे टणक गोळे. बरोबर वांग्याची भाजी, वरण आणि तूप. काका वरण वाढत माझ्यापाशी आले, तेव्हा मी भरल्या पानावरून उठत होते.

"काऊन उठली पोरी?"

"माझं झालं, काका."

ते तिथेच थांबले. बादली खाली ठेवली. माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि एक कोरं पान पुढे ओढलं. रोडगा चुरला, वरण-तूप घालून मऊ कालवला आणि सगळ्यांदेखत घास घेतला. खालचा जबडा एका अंगाला सरकला. कट्‌ झालं, माझ्यापेक्षाही मोठ्याने. वरण ओठांतून हनुवटीवर ओघळलं.

"तुह्याएवढा होतो तवापासून म्हणून राह्यलो, माह्यं झालं," ते हनुवटी पुसत म्हणाले. "एकदाही झालं नोयतं पोरी. भूक लागे मले."

मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःची भीती वाटली. मी परत बसले आणि रोडगा चुरला. त्यांचं कट्‌, माझं कट्‌, असे आम्ही जेवत राहिलो. कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

जरा वेळाने काकांनी मान वर करून वरण मागितलं. वाढायला कोणी नव्हतं. वाढणारा माणूसच जेवायला बसला होता. तोंडात घास होता, तो तसाच चावत मी उठले आणि बादली उचलली.