समोरच्याची गैरसोय करण्यास असमर्थ

बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता बाबांनी सतरावी फळी माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि विचारलं, "कशी वाटते?"

मी म्हणाले, "आज वारा बराच आहे."

हे उत्तर नियमाला धरून होतं. दुसरं काही बोलले असते, किंवा काहीच बोलले नसते, तर माझ्यावर कलम चारखाली कारवाई होऊ शकली असती.

फळी म्हणजे समुद्राकाठी वाळूवर दोघांनी खेळायची लाकडी फळी. पसरट पातं, आखूड मूठ, सोबत एक रबरी चेंडू. एकाने मारायचा, दुसऱ्याने परत मारायचा, खाली पडू द्यायचा नाही. बाबांनी आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या केली आणि रोज संध्याकाळी आईबरोबर हा खेळ खेळले. त्यांचा उच्चांक दोनशे बारा होता. मग आईचं मनगट दुखायला लागलं. किनाऱ्यावर फक्त सरकारी शिक्क्याची फळी चालते, आणि शिक्क्याची फळी स्टुलाच्या बैठकीइतकी जड असते. आई घरी बसली. बाबा दोन दिवस एकटेच किनाऱ्यावर जाऊन परत आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी रंधा काढला.

त्यांची फळी मध्यावर जाड आणि कडेला पातळ होती. लाकडाच्या दोन थरांमध्ये बुचाचा थर होता. मुठीला किंचित बाक होता, त्यामुळे मनगट वळवावं लागत नसे. चेंडू तिच्यावरून सावकाश, समजूतदारपणे पलीकडे जायचा. "समोरच्याला परत मारता आला पाहिजे," बाबा म्हणायचे. "नाहीतर तो खेळ कसला, ते भांडण झालं."

शिक्क्यासाठी त्यांनी करमणूक-साधन मानक कार्यालयाकडे अर्ज केला. मी त्याच कार्यालयात, टंकलेखन विभागात काम करते. अर्ज दाखल झाला त्याच आठवड्यात एक परिपत्रक निघालं: ज्या कर्मचाऱ्याचा नातेवाईक अर्जदार असेल, त्याने अभिप्राय-संयम हमीपत्र भरून द्यावं. परिपत्रक मीच टंकित केलं. त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सोबतच्या हमीपत्राची एक प्रत स्वतःसाठी काढून, सही करून, साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवली. ती कोणी मागितली नव्हती.

हमीपत्राचं कलम चार असं होतं: "सदर कर्मचारी विचाराधीन साधनाबाबत अनुकूल वा प्रतिकूल मत तोंडी, लेखी, हावभावाने, सुस्काऱ्याने अथवा सूचक मौनाने व्यक्त करणार नाही." सूचक मौनालाही बंदी असल्यामुळे गप्प बसायची सोय नव्हती. म्हणून मी हवामानावर बोलायचे.

"साहेब," बाबा म्हणाले. हमीपत्राबद्दल कळल्यापासून ते मला साहेब म्हणत. "तोंडाने नका बोलू. नाक खाजवा. एकदा म्हणजे चांगली, दोनदा म्हणजे टाकाऊ."

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"अहो, तिला कशाला छळताय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "नोकरी जाईल तिची."

"नाक खाजवल्याने?"

"तिच्या ऑफिसात काही सांगता येत नाही."

"मग तू सांग, कशी आहे?"

"मी कालच सांगितलं, छान आहे म्हणून."

"तू सोळाही फळ्यांना छान म्हणालीस. तुझ्या छानला काय अर्थ आहे? हिचं तसं नाही. हिला शेजाऱ्यांच्या पडद्यापासून पुस्तकाच्या शेवटापर्यंत सगळ्यात खोट दिसते. ही एकदा बरी म्हणाली की मी रंधा ठेवला."

ते खरं होतं. हमीपत्राच्या आधी सहा फळ्या झाल्या होत्या, आणि त्या सहांबद्दल मी सविस्तर बोलले होते. दुसरीची मूठ लांब होती. तिसरी उजवीकडे कलत होती. पाचवीचा आवाज दार आपटल्यासारखा येत होता. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली आणि नवं लाकूड घेतलं. सातवी त्यांनी पुढे केली तेव्हा माझ्याजवळ हमीपत्र होतं. खरं सांगायचं तर ते मला मानवलं. खोट काढायला मला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. चांगलं म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र कागद आडवा आला, आणि मी त्याला आडवा येऊ दिला.

अर्जाची वाटचाल नियमित होती. रकाना पाच होता, "विजेता ठरविण्याची पद्धत". बाबांनी लिहिलं, "दोघेही." एका वेळी एकच पक्ष जिंकू शकतो, अशा शेऱ्यासह अर्ज परत आला. बाबांनी लिहिलं, "कोणीही नाही." ज्या खेळात कोणी जिंकत नाही तो खेळ नसून श्रम आहे, तरी श्रम विभागाची ना-हरकत जोडावी, असं उत्तर आलं. बाबा तीही घेऊन आले. श्रम विभागाने लिहून दिलं होतं की सदर कृतीतून काहीच निष्पन्न होत नसल्याने ती श्रम नाही. मग आमच्या कार्यालयाने एक टिपण तयार केलं: ही कृती खेळ नाही आणि श्रमही नाही, सबब ती वर्तणूक आहे, आणि वर्तणुकीसाठी साधन का लागतं याचा अर्जदाराने खुलासा करावा. बाबांनी खुलासा केला, "बायकोचं मनगट दुखतं." हा खुलासा वैद्यकीय शाखेकडे गेला.

दरम्यान त्यांनी सात नमुने जमा केले होते. नियमाप्रमाणे मंजुरीसाठी वापरकर्त्याचा अभिप्राय आवश्यक होता, आणि मंजुरीपूर्वी वापरास मनाई होती. त्यामुळे नमुने वापरले गेले नाहीत, ते फक्त कामास आले. एकाने उपनियंत्रक साहेबांच्या केबिनची खिडकी उघडी राहायची. एकावर चहाचे कप फिरायचे. वीज गेली की आवक विभाग एकाने वारा घ्यायचा. लेखापाल बाई एक पाठीमागे टेकायला घ्यायच्या आणि म्हणायच्या, "काय बाक दिलाय हो, कंबरेला अगदी बरोबर बसतो." हे वाक्य कुठल्याही रकान्यात बसत नसल्याने फाइलमध्ये आलं नाही.

त्या बुधवारी दुपारी प्रयोगशाळेचा अहवाल टंकनासाठी माझ्या टेबलावर आला. यंत्राने फळीवर दहा हजार चेंडू मारले होते. टिकाऊपणा उत्तम. वजन समाधानकारक. आक्रमकता शून्य. निष्कर्ष असा होता: "सदर साधन समोरच्याची गैरसोय करण्यास असमर्थ आहे. सबब नापसंत." मी तो तीन प्रतींत टंकित केला. असमर्थ या शब्दावर क्षणभर थांबले. तो बरोबर होता.

अर्जदाराची प्रत टपालाने जायची ती मीच घरी नेली. बाबा मागच्या खोलीत पॉलिश पेपर घेऊन बसले होते. चष्म्यावर भुसा होता. त्यांनी अहवाल वाचला, मग पुन्हा मोठ्याने वाचला, आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला. आई पाणी घेऊन धावली.

"अगं, ऐक," ते तिला म्हणाले. "समोरच्याची गैरसोय करण्यास असमर्थ. चाळीस वर्षं काम केलं, इतकं चांगलं कुणी लिहून दिलं नव्हतं. फ्रेम करून लाव."

"नापसंत लिहिलंय खाली," आई म्हणाली.

"तेवढं फ्रेमच्या लाकडाखाली झाकतो." मग माझ्याकडे वळून, "तू टाइप केलंस?"

"हो."

"टाइप करताना काय वाटलं?"

त्यांनी फळी पुढे धरली होती. मूठ माझ्याकडे होती. हातात घ्यायला हरकत नव्हती. घेतली असती तर चेहऱ्यावर काहीतरी आलं असतं, आणि ते कलम चारमध्ये बसलं असतं.

"वारा पडलाय आता," मी म्हणाले.

"पडला खरा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फळी पुन्हा मांडीवर घेतली.

गुरुवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. कार्यालयीन भाषेत, अर्जदार उपलब्ध राहिले नाहीत.

तेराव्या दिवसानंतरच्या सोमवारी घरी पत्र आलं. अर्जदाराने नापसंतीवरील सुनावणीस मूळ ओळखपत्रासह व्यक्तिशः हजर राहावं, गैरहजर राहिल्यास कारण लेखी कळवावं. पत्र मी टंकित केलेलं नव्हतं, मी रजेवर होते. त्यात तीन चुका होत्या.

आईने ते दोनदा वाचलं. "कळव त्यांना," ती म्हणाली. "म्हणावं, जमणार नाही."

"आई, कारण लिहावं लागेल."

"मग लिही की. आणि हेही विचार, त्या सात फळ्या परत मिळतील का. त्यांनी एकेकीवर आठ-आठ दिवस घालवलेत."

मी कारण लिहिलं, दाखला जोडला, आणि उपनियंत्रक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. खिडकी बाबांच्या फळीवर उघडी होती. साहेब भले गृहस्थ आहेत. ते उठून उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि पुन्हा बसले.

"आता काय करायचं ते सांगतो," ते म्हणाले. "वारस म्हणून अर्ज तुमच्या नावावर करू. प्रयोगशाळेचं सुनावणीत बघू. फक्त वापरकर्त्याचा अभिप्राय राहिलाय. तो अर्जदार हयात असताना तुम्ही दिलेला असला तरी चालतो. तोंडी असला तरी चालेल. तुम्ही त्यांना काही म्हणाला असाल की. चांगली आहे, बरी आहे, काहीतरी."

"नाही, सर. माझं हमीपत्र होतं ना."

"कसलं हमीपत्र?"

मी कलम चार तोंडपाठ म्हणून दाखवलं. साहेबांनी फाइल उलटीपालटी केली. माझं हमीपत्र त्यात होतं. त्यावर पोच नव्हती, शेरा नव्हता, कपाची गोल खूण तेवढी होती.

"अहो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर हळू झाला, "हे तुम्हाला कोणी भरायला सांगितलं? परिशिष्टात व्याख्या आहे बघा. कर्मचारी म्हणजे ज्याचा अभिप्राय निर्णयात धरला जातो असा. राजपत्रित आणि वरचे. टंकलेखन विभाग कशाला येईल त्यात? तुम्ही घरी वाटेल ते बोलू शकत होता. तुमच्या मताला इथे काहीही..." ते थांबले. "म्हणजे, नियमानुसार म्हणतोय."

परिशिष्ट मी टंकित केलं नव्हतं. ते दुसऱ्या टेबलावर गेलं होतं.

"मग रकान्यात काय लिहू?" साहेबांनी विचारलं. "अभिप्राय निरंक?"

"तसंच लिहा," मी म्हणाले. "बरोबर आहे ते."

निघताना मी खिडकीतली फळी काढून घेतली. खिडकी धाडकन मिटली. साहेबांनी हरकत घेतली नाही, नोंद मात्र केली.

त्या संध्याकाळी आई आणि मी किनाऱ्यावर गेलो. आईच्या हातात सतरावी होती, माझ्या हातात खिडकीतली. चेंडू आईने मारला. मी पंचवीस वर्षांत खेळले नव्हते, तरीही तो परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. आवाज जवळजवळ नव्हताच. आई मोजत होती. एकतिसावर शिट्टी वाजली.

रखवालदार वाळू तुडवत आला. "शिक्का दाखवा."

"नाही," आई म्हणाली.

"मग ही फळी चालणार नाही."

"मनगट दुखत नाही हिने," आई त्याला म्हणाली. "बघा धरून."

त्याने धरली. हवेत एकदा फिरवली, उलटी केली, मुठीवर अंगठा दाबून पाहिला. त्याचा चेहरा बदलला. मग त्याने ती परत दिली आणि म्हणाला, "मला काही बोलता येत नाही. ड्यूटीवर आहे."

हमीपत्राची कोरी प्रत माझ्याकडे अजून आहे. हवी असेल तर देते. घरात कुणीतरी काहीतरी करून तुमच्यापुढे ठेवतं, कसं झालंय विचारतं, आणि तुम्ही मान वर न करता पावसापाण्याचं बोलता, तेव्हा निदान दाखवायला एक कागद तरी असावा. माझ्याकडे होता. तुम्ही आजवर कशाच्या आधारावर गप्प बसलात, मला ठाऊक नाही.

रखवालदार तिथेच उभा होता. आई चेंडू हातात धरून माझ्याकडे बघत होती. वारा बराच होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं.

"बाबा, फळी चांगली झालीय. सातवीपासूनच चांगली होती."